घाट उतरताना: न्यूट्रल की खालचा गिअर?

बोरघाट असो वा वरंधा, उतार लागला की काही जण डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. त्या क्षणी गाडीला इंजिनचा आवर उरत नाही, सगळा भार ब्रेकवर पडतो. सतत दाबलेले ब्रेक तापतात, पकड कमी होते आणि ब्रेक ऑइल उकळले तर पेडल नुसते खाली जाते. काही जण इंजिनही बंद करतात. ते तर भयंकरच, कारण मग ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पेडल दाबायला जोर देणारा भाग, लवकरच निकामी होतो आणि पॉवर स्टिअरिंगची मदत जाते.

दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेक वळणापुरता, थोडा थोडा लागतो. इंजिन जरा गुरगुरते, त्याला घाबरू नये. ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचे, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे. ऑटोमॅटिक गाडीत ‘एल’ (लो, म्हणजे खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोड वापरावा.

राहिली बचत. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंदच होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते.