क्लोझापिनचे ९ महिने: दादाची नाडी आणि आमची वही

दादाच्या क्लोझापिनला (स्किझोफ्रेनियात बाकीच्या गोळ्यांनी गुण आला नाही की देतात ते औषध) ९ महिने झाले म्हणून लिहितेय. याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात हे सगळेच सांगतात, पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं हे आम्हाला पहिल्याच दिवशी पाठ झालं होतं, पण हार्टचं कोणी असं बसवून सांगितलं नव्हतं.

आधी रिस्पेरिडोन झालं, मग ओलान्झापिन, दोन्ही पूर्ण डोसमध्ये कितीतरी महिने, तरी कोणी नसताना ऐकू येणारे आवाज थांबेनात. मग हे. सुरुवात साडेबारा एमजी, म्हणजे २५ च्या गोळीचा अर्धा तुकडा, आणि वाढवत वाढवत आता ३०० वर आहे. सुरू करायच्या आधी ईसीजी आणि रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढतं) आणि सीआरपी (शरीरात कुठे सूज असली की वाढतं) करायला लावलं तेव्हा मला वाटलं उगाच खर्च वाढवताहेत. तसं नव्हतं. या औषधाने क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते, मायोकार्डायटिस म्हणतात, आणि येते ती बहुतेक पहिल्या महिन्या-दीड महिन्यातच. आधीचे आकडे हातात नसतील तर नंतर वाढलंय की पहिल्यापासूनच तसं होतं हे कळणार कसं?

सतराव्या दिवशी दादाला १०१ ताप आणि नाडी १२४. आई म्हणाली व्हायरल असेल, झोपू दे. मी डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी त्याच संध्याकाळी रक्त द्यायला लावलं. ट्रोपोनिन नॉर्मल, सीआरपी थोडं वाढलेलं. डोस वाढवणं थांबवलं, टेस्ट पुन्हा पुन्हा केल्या आणि चौथ्या दिवशी ताप गेला. या गोळीने सुरुवातीला साधा ताप पण येतो म्हणे, पण साधा कुठला आणि सुजेचा कुठला हे वरून बघून घरच्यांना कळणं शक्यच नाही, म्हणून पहिल्या महिन्या-दीड महिन्यात ताप, दम, छातीत दुखणं, काहीही झालं तरी वाट बघू नका. आणि घाबरून गोळी आपल्या मनाने बंदही करू नका. ४८ तासांहून जास्त खंड पडला तर परत साडेबारापासून सुरू करावं लागतं.

नाडी मात्र नंतरही ११० च्या खाली येईना. बसल्या जागी नाडी जोरात चालणं या औषधात खूप जणांना होतं. बीटा ब्लॉकरचा, म्हणजे नाडी मंद करणाऱ्या गोळीचा, छोटा डोस दिला, आता ९० च्या आसपास असते. उठताना चक्कर यायची, त्यासाठी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं पाय सोडून बसायचं, मगच उभं राहायचं.

सहाव्या महिन्यात जुलाब-उलट्या झाल्या तर जवळच्या दवाखान्यात ऑनडॅनसेट्रॉन (उलटीची गोळी) आणि अझिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) एकदम लिहून दिलं, आधी कुठली औषधं चालू आहेत हे विचारलंसुद्धा नाही, याचा मला अजून राग येतो. दोन्हींनी ईसीजीतला क्यूटी, म्हणजे प्रत्येक ठोक्यात हृदयाला पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ, लांबतो, त्यात जुलाबाने पोटॅशियम उतरलेलं, म्हणजे ठोके बिघडायला सगळी तयारीच. आमच्या डॉक्टरांनी दोन्ही थांबवून ईसीजी काढायला लावला, क्यूटीसी (नाडीच्या वेगाचा हिशेब धरून काढलेला क्यूटी) ४६८ मिलिसेकंद आला, आधी ४३० होता. ५०० च्या वर गेला की खरा धोका. सलाईन, ओआरएस झालं आणि आठवड्याने खाली आला. तेव्हापासून दादाच्या पाकिटात चालू गोळ्यांची चिठ्ठी असते.

आवाज आता दिवसचे दिवस येत नाहीत. नाडीची वही पहिले पाच महिने मी लिहायचे, आता दादाच लिहितो. परवा ९८ लिहून पुढे त्याने स्वतःहून लिहिलं होतं, 'तीन जिने चढून आलो, लगेच मोजली.'