नागपूर मेट्रो, आईसोबत: आत एकदम मस्त, स्टेशनबाहेरच्या रस्त्याचं मात्र काहीतरी करा

म्हाताऱ्या माणसाला घेऊन गावात फिरायचं असेल तर नागपुरात सध्या मेट्रोसारखं दुसरं काही नाही, आधीच सांगून टाकते. आई 76 ची, दोन्ही गुडघे गेलेले, कुठे जायचं म्हटलं की पहिला प्रश्न, "पायऱ्या किती हायेत तिथं?" मावशी इंदोऱ्याला राहते, आम्ही जयप्रकाश नगरला, दोन्ही ऑरेंज लाइनवर, त्यामुळे बर्डीला, म्हणजे दोन लाइन मिळतात त्या सीताबर्डी स्टेशनवर, गाडी बदलायची भानगड नाही. डिसेंबर 2022 मध्ये ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत लाइन सुरू झाली तेव्हापासून दोघी बहिणींचं जाणंयेणं परत सुरू झालं, नाहीतर नुसतं फोनवरच चालायचं.

खालून लिफ्टनं तिकिटाच्या मजल्यावर, तिथून दुसऱ्या लिफ्टनं प्लॅटफॉर्मवर, आणि मला सगळ्यात आवडते ते म्हणजे प्लॅटफॉर्म आणि डबा एका लेवलला, पाय उचलावाच लागत नाही, नुसता पुढे टाकायचा. आई आधी काठी आत टेकवते, रबर नीट बसलं की मग पाय, आणि दुसऱ्या हातानं दांडा पकडते, बस झालं, कोणी ओढायला नको की ढकलायला नको. ज्येष्ठांच्या राखीव सीटवर पोरं बसली असली तरी आईला बघून उठतात. मे महिन्यात बाहेर 45 डिग्री असते तेव्हा एसी डब्यात बसून जाता येते, हे म्हाताऱ्या जिवासाठी लहान सुख नाही. एसटीत 75 च्या वरच्यांना तिकीट नाही, चांगलीच गोष्ट आहे, पण पायरीच उंच असली तर फुकटचं तिकीट काय कामाचं.

आता खरी अडचण. स्टेशनातून बाहेर आलं की. एका ठिकाणी तर फूटपाथ इतका उंच की आई चढूच शकत नाही, चढली तर पुढे गट्टू उखडलेले, मधेच बाइका लावलेल्या, मग उतरून गाड्यांच्या मधून रस्त्यानं चालायचं, मला तर धडकीच भरते. इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे देशातल्या रस्त्यांची मापं ठरवणारी संस्था, तिच्या नियमात फूटपाथ 150 मिमीच्या वर नको असं आहे, म्हणजे जेमतेम सहा इंच. आणि रॅम्पचा उतार 1:12 पाहिजे, सहा इंच चढायला सहा फूट लांब, एवढी जागा तर पानठेला पण घेते! जागतिक आरोग्य संघटनेनं 2007 मध्ये ज्येष्ठांसाठी शहरं कशी असावीत याची गाईड काढली, त्यात पण हेच, चांगले फूटपाथ, बसायला बाक, स्वच्छ टॉयलेट. काही मोठं मागत नाही आहोत बाप्पा. घरापासून स्टेशनपर्यंतचा रस्ताच नीट नसला तर लिफ्ट कितीही चांगली असो, माणूस तिथपर्यंत पोचणार कसा? आमच्या कॉलनीतले कितीतरी आजी-आजोबा फक्त याच कारणानं घरी बसून राहतात.

मेट्रोला माझ्याकडून पाचपैकी पाच, बाहेरच्या रस्त्याला एक. घरच्या मोठ्यांना घेऊन जाणार असाल तर सकाळी अकराच्या नंतर निघा, ऑफिसची गर्दी राहत नाही, आणि लिफ्ट कोणत्या बाजूच्या गेटला आहे ते आदल्या दिवशी बघून ठेवा, म्हणजे ऑटोवाल्याला बरोबर तिथंच थांबवता येते.