शेततळ्यातल्या माशांसाठी मिनरल मिक्श्चर, एक अख्खी बॅच वापरून सांगतोय (५ पैकी ४ स्टार)

मागच्या बॅचला जाळं ओढलं तेव्हा शंभरातले सात-आठ रोहू आखूड आणि शेपटीकडे वाकडे निघाले, व्यापाऱ्याने ते बाजूला काढून निम्म्या भावात घेतले, फार जीवाला लागलं. त्यातला एक घरी आणून कापला तर कण्याचे चार-पाच मणके एकमेकांना चिकटून गाठ झालेली, बोट फिरवलं तरी हाताला लागत होती.

आमचं तळं प्लास्टिक पेपरचं, तळाला मातीच नाही, त्यामुळे हाडांना लागणारी खनिजं मिळतील ती खाद्यातूनच, आणि खाद्य म्हणजे कोंडा नि शेंगपेंड. कॅल्शियम मासा कल्ल्यांतून पाण्यातलंच घेतो, ते सहसा कमी पडत नाही. पण कोंडा-पेंडीतला फॉस्फरस फायटेटमध्ये (दाण्यांत असणारं, खनिजं धरून ठेवणारं रसायन) अडकलेला असतो आणि तेच फायटेट झिंकलाही धरून ठेवतं. त्याआधी एका दुकानदाराने जनावरांचं मिनरल मिक्श्चर गळ्यात मारलं होतं, त्यात कॅल्शियम भरमसाठ, आणि कॅल्शियम फॉस्फेट फार झालं की झिंक अजूनच कमी लागू पडतं, म्हणजे पैसे देऊन उलटंच केलं मी.

ही बॅग घेतली कारण झिंक, मँगनीज, कॉपर तिन्ही चिलेटेड आहेत, म्हणजे अमिनो ॲसिडला बांधलेले, फायटेटच्या तावडीत कमी सापडतात. फॉस्फरस पण मोनोकॅल्शियम फॉस्फेटचा आहे, आणि हे महत्त्वाचं, कारण रोहू-कटल्याला जठर नसतं, आम्ल नाही, हाडाच्या पावडरीतला फॉस्फरस त्यांना नीट पचत नाही. सायप्रिनसला (कॉमन कार्प, रोहूच्याच कुळातला मासा) किलो खाद्यामागे मँगनीज १२-१३ मिलिग्रॅम लागतं, कॉपर तर ३ च, एवढंसंच, पण मँगनीज कमी पडलं तर कूर्चा नीट बनत नाही आणि कॉपरशिवाय हाडातलं कोलेजन घट्ट होत नाही.

या वेळी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडल्यापासूनच चालू केलं, थोड्या तेलात कालवून खाद्याला चोळायचं, नाहीतर पावडर पाण्यात सुटून जाते. परवा जाळं ओढलं, वाकडे शोधून शोधून दोनच सापडले! सगळं श्रेय याचंच असं नाही म्हणणार, कारण या वेळी खाद्यात व्हिटॅमिन सी पण टाकलं आणि त्याच्या कमतरतेनेही कणा वाकतो, बीजही दुसरीकडून आणलं. आणि एकदा वाकलेला मासा यानं सरळ होत नाही हो, मोठ्या माशांना घालून वाट बघू नका.

एक स्टार कापला तो लेबलसाठी, झिंक किती मिलिग्रॅम ते दिलंय पण मँगनीज-कॉपरची नुसती नावं, मग हिशोब कसा लावायचा? पिशवीला झिपही नाही, पावसाळ्यात गोळे झाले, मी बरणीत काढून ठेवलं. कंपनीचं तयार फ्लोटिंग फीड वापरत असाल तर त्यात बहुतेक आधीच मिनरल असतात, आधी त्याची बॅग वाचा, कॉपर जास्त झालं तर माशाला बाधतं.