बँकॉकचा खोन: मुखवट्याइतकंच पायांकडे बघा

बँकॉकच्या राजवाड्याचं ५०० बाटचं तिकीट काढलं की त्यातच साला चालेर्मक्रुंग नाट्यगृहातला खोनचा छोटा प्रयोग धरलेला असतो. आमचा सहलवाला म्हणाला, "मॅडम, तिथे नुसता नाच आहे, आपण बाजारात जाऊया." मी आणि माझी बहीण तिथूनच गटातून बाजूला झालो. मी कुडाळला मुलांचे नाट्यवर्ग घेते, दशावतार बघत वाढले. बाजार काय, कुठेही आहे.

नाट्यगृह १९३३ सालचं. खोन म्हणजे थाई रामायणाचा, रामाकियनचा, मुखवट्यांचा खेळ. पंचवीसेक मिनिटांत पूर्ण कथा मागू नका. रावणाचं नाव तिथे थोत्सकान, म्हणजे दशकंठच, आणि त्याचा मुखवटा हिरवागार. हनुमान पांढरा, आणि ब्रह्मचारी मुळीच नाही. माझ्या बहिणीला हे पचायला जरा वेळ लागला.

मुखवट्यातला नट स्वतः बोलत नाही. बाजूला बसलेले निवेदक त्याचे संवाद म्हणतात आणि वाद्यवृंदाच्या तालावर तो अंगाने बोलतो. आपला दशावतारी ऐनवेळी तोंडाला येईल ते बोलून प्रसंग रंगवतो. इथे सगळा भार पायांवर. राक्षस उभा राहतो तो गुडघे दोन्ही बाजूंना दुमडून, मांड्या उघड्या ठेवून, आणि हळूच एक पाऊल उचलतो. ते पाऊल हवेत थांबतं तेव्हा दुसरी मांडी जराही थरथरत नाही. युद्धात हनुमान त्याच मांडीवर चढून उभा राहतो. मी श्वास रोखून बघत होते.

ही मांडी तयार कशी होते? मुलगा भिंतीला पाठ टेकून गुडघे फाकवून बसतो आणि गुरू समोर बसून आपल्या पायांनी त्याचे गुडघे बाहेर रेटतो. त्याआधी तासन्‌तास जागच्या जागी तालात पाय आपटायचे. मुलाची चण बघून गुरूच ठरवतात, नायक, नायिका, वानर की राक्षस. राक्षसाला 'याक' म्हणतात, आपला यक्ष.

पिचेत क्लुनचुन हा आजचा मोठा थाई नर्तक याच वाटेने आला. सोळाव्या वर्षी चैयोत खुम्मनी या खोनगुरूंकडे राक्षसाची भूमिका शिकायला लागला, चुलालोंगकोर्न विद्यापीठात शास्त्रीय नृत्य शिकला, मग स्वतःची मंडळी काढली. पारंपरिक शिक्षणातल्या ५९ मुद्रा मोडून-जोडून तपासल्या आणि कामाचं नाव ठेवलं 'नंबर ६०'. त्याच्यावर परंपरा बिघडवल्याची टीकाही झाली. मला तो फार पटतो. व्याकरण पक्कं असल्याशिवाय साठावी मुद्रा सुचत नाही, हे मी माझ्या वर्गात रोज बघते.

एक गोष्ट मात्र मला फार आतून लागली. तिथे गुरुपूजनाला 'वाय ख्रू' म्हणतात, ख्रू म्हणजे गुरू, आणि दिवस गुरुवारचा. त्यात गुरू शिष्याच्या डोक्यावर एका ऋषीचा मुखवटा ठेवतात. तो ऋषी म्हणजे भरतमुनी, आपला नाट्यशास्त्रवाला! आमच्याकडे पेटाऱ्यातल्या गणपतीच्या मुखवट्याची पूजा झाल्याशिवाय खेळ सुरू होत नाही, तेच डोळ्यांपुढे आलं.

प्रयोग आखूड आहे, चव लागते आणि संपतो. तरी लहान मुलांना घेऊन जरूर जा, त्यांना एवढाच वेळ पुरतो. शक्य असेल तर पुढे, डाव्या-उजव्या कडेला न बसता मधोमध बसा, म्हणजे पाय नीट दिसतील. मेट्रोचं साम योत स्टेशन जवळच आहे. २०१८ मध्ये युनेस्कोने खोनला वारसायादीत घेतलं. ज्यांना पूर्ण लांबीचा खेळ बघायचाय त्यांनी थायलंड कल्चरल सेंटरमधल्या वार्षिक राजाश्रयी प्रयोगाच्या तारखा बघून सहल आखावी. तो साधारण नोव्हेंबरच्या सुमारास असतो, आणि पुढच्या खेपेला आम्ही दोघी त्याच वेळी जाणार आहोत.