नवीन म्हणून रंगवलेला लोअर आर्म

आमच्या 2009 च्या स्विफ्टचं पुढचं सस्पेन्शन ‘पूर्ण नवं केलं’ असं सांगून कोल्हापुरातल्या एका गॅरेजवाल्यानं माझ्या वडिलांकडून, म्हणजे आप्पांकडून, साडेएकवीस हजार रुपये घेतले. दोन्ही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी खालून जोडणारे लोखंडी हात), लिंक रॉड, अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं), मजुरी, सगळं चिठ्ठीवर लिहिलं होतं. प्रत्यक्षात बदलले होते फक्त लिंक रॉड. पैसे गेल्याचं वाईट वाटतंच, पण माझा राग त्याहून मोठ्या गोष्टीचा आहे. लोअर आर्मच्या टोकाचा, चाकाला धरणारा गोळ्याचा सांधा, म्हणजे खालचा बॉल जॉइंट, झिजलेला आहे हे त्या माणसाला माहीत होतं. तो तसाच ठेवून, आर्मला काळा रंग फासून, त्यानं सत्तरीच्या माणसाला सांगितलं, “आता बिनघोर घाट उतरा काका.” आमची आत्या कणकवलीला असते. आप्पा राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटानं तिच्याकडे जातात, आणि त्यानंतरही ते तसेच जाऊन आले. हे लिहितोय ते त्या फेरीच्या विचारानं.

गाडीची तक्रार खरी होती. पावसाळा संपता संपता डाव्या पुढच्या बाजूनं खडखड सुरू झाली. हळू वेगात, बारीक खड्ड्यांवर जास्त. ब्रेक मारला की खालून एक ‘टक’ यायची. हायवेला लागलं की स्टिअरिंग सरळ धरूनही गाडी किंचित भरकटायची, आणि डावा टायर आतल्या कडेनं जास्त झिजला होता. ही दोन वेगवेगळी दुखणी होती, हे आम्हाला नंतर कळलं. गॅरेजवाल्याला बहुधा पहिल्या दिवशीच कळलं असावं, कारण त्यानं नेमकं स्वस्तातलं दुखणं बरं केलं आणि महागातलं लपवलं.

आप्पांचा विश्वास बसावा म्हणून त्यानं तीन गोष्टी दाखवल्या. त्या तिन्ही नीट सांगतो, कारण हेच तुमच्यापुढे किंवा तुमच्या आईवडिलांपुढे केलं जाऊ शकतं.

पहिली गोष्ट तेलाची. “काका, हे बगा, दोन्ही शॉकअप गळायला लागल्यात. हे घिऊन घाट उतरू नगासा,” असं म्हणून त्यानं चाकाच्या आत बॅटरी मारली. शॉकअप तेलानं चमकत होता. त्याचा फोटो त्यानं व्हॉट्सॲपवर मलाही पाठवला. तो फोटो नंतर मोठा करून पाहिला तर तेल स्प्रिंगच्या वेटोळ्यांवरही होतं, आणि सगळं ताजं, ओलं, स्वच्छ. शॉकअपचं सील खरोखर गेलं तर तेल रॉडच्या मुळाशी, नळीच्या वरच्या टोकाला येतं आणि तिथून खाली ओघळतं. त्यावर रस्त्याची धूळ बसत जाते आणि काळपट चिकट थर तयार होतो. धुळीनं भरलेल्या गाडीत एकच भाग न्हाऊन निघाल्यासारखा चकचकीत दिसत असेल तर ते तेल बाहेरून मारलेलं असू शकतं. सीलजवळ नुसता हलका ओलसरपणा असणं म्हणजेही शॉकअप गेला असं नव्हे. फडक्यानं पुसून घ्यायचं, काही दिवस गाडी चालवायची आणि परत बघायचं. गळत असेल तर ते पुन्हा येणारच.

दुसरी गोष्ट टॉमीची. लोअर आर्मच्या बुशात, म्हणजे सांध्याच्या रबरात, टॉमी (लोखंडी पहार) घालून त्यानं जोर लावला आणि आर्म हलला. “बगा, बुश पार बसल्यात.” रबराचा बुश असतोच हलण्यासाठी. नव्या गाडीत टॉमी घालून जोर लावलात तरी आर्म थोडा हलतो. बघायचं असतं ते वेगळं. रबर धातूच्या नळीपासून सुटलंय का, आरपार चिरलंय का, लोखंडावर लोखंड आपटतंय का. आमच्या गाडीत बुशांना चिरा होत्याच, त्यामुळे आर्म बदलायचा सल्ला खोटा नव्हता. खोटं होतं ते बदलल्याचं सांगणं.

तिसरी गोष्ट खोक्यांची. आप्पा संध्याकाळी गाडी आणायला गेले तेव्हा काउंटरवर होलोग्राम असलेली कंपनीची खोकी मांडून ठेवली होती आणि पायाशी जुने, गंजलेले दोन आर्म पडले होते. “हे तुमचं जुनं माल. न्हेणार काय? भंगारात दोनशे बी येणार न्हाईत.” आप्पा कशाला नेतील? खोकी रिकामी होती आणि आर्म दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचे असणार, कारण आमचे तर गाडीलाच होते.

मग गाडी बाहेर काढल्यावर खडखड थांबलेली. कारण ती येत होती लिंक रॉडमधून. स्टॅबिलायझर बारला जोडणारी ही छोटी दांडी, तिच्या दोन्ही टोकांना बारीक बॉल जॉइंट असतात. ते सैल झाले की बारीक खड्ड्यांवर डबा वाजल्यासारखा आवाज येतो. बाहेरच्या चांगल्या कंपनीची जोडी दोन हजारांच्या आत येते. ज्या आवाजानं माणूस घाबरून गॅरेजला आला तो आवाज गेला, की बाकीच्या वीस हजारांवर शंका घ्यायला कारणच उरत नाही. संपूर्ण फसवणूक याच एका गोष्टीवर उभी होती.

ब्रेक मारल्यावरची ‘टक’ मात्र राहिली आणि गाडी भरकटणंही राहिलं. आप्पांनी फोन केला तर उत्तर आलं, “नवीन पार्ट हायत काका, सेट व्हायला हजार-दोन हजार किलोमीटर लागत्यात.” हे ऐकलंत तर तिथंच थांबा. नवा बॉल जॉइंट पहिल्या किलोमीटरपासून घट्ट असतो. नव्या स्प्रिंगची उंची किंचित बसू शकते, नवा बुश सुरुवातीला कडक वाटू शकतो. पण ठोका मारणारा जॉइंट चालवून चालवून कधीच घट्ट होत नाही.

हे सगळं उघडकीला आणलं एका अलाइनमेंटवाल्यानं. टायर एका कडेनं खाल्लाय म्हणून मी गाडी दुसरीकडे अलाइनमेंटला नेली. त्या पोरानं चाकाला सेन्सर लावायच्या आधी चाक हलवून बघितलं आणि काम करायला नकार दिला. म्हणाला, “सर, पैसं घेतो मी, पण उपयोग न्हाई. खालचा बॉल जॉइंट गेलाय. आज लावलेलं माप उद्या ऱ्हाणार न्हाई.” मी चिठ्ठी काढून दाखवली, दोन्ही आर्म नवे आहेत म्हणालो. तो काहीच बोलला नाही, फक्त उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे जायला सांगितलं.

मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली, खाली घोडी (आधाराचा लोखंडी स्टँड) लावली आणि मलाच चाक धरायला लावलं. एक हात बारा वाजतात तिथं, दुसरा सहा वाजतात तिथं. वरचा हात आत ढकला, खालचा बाहेर ओढा, मग उलट. चाक कट कट करत होतं. मग त्यांनी पोराला आत बसवून ब्रेक दाबायला सांगितला. ब्रेक दाबल्यावर प्ले, म्हणजे हा सैलपणा, नाहीसा झाला तर दोष व्हील बेअरिंगचा. तसाच राहिला तर खाली बघायचं. आमचा तसाच राहिला. खाली वाकून पाहिलं तर लोअर आर्म आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांच्यामध्ये जॉइंट डोळ्यांना दिसेल असा सरकत होता. स्विफ्टसारख्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब. गाडीचं वजन स्प्रिंगवरून वरच्या माउंटला जातं, खालचा बॉल जॉइंट ते वजन उचलत नाही, म्हणून चाक अधांतरी असतानाच त्याचा सैलपणा नीट कळतो. हेच चाक नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं की टाय रॉड एंड आणि रॅक एंड, म्हणजे स्टिअरिंगचे सांधे, तपासता येतात. उजवीकडचा टाय रॉड एंडही थोडा सैल निघाला.

त्यानंतर मिस्त्रींनी डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं आर्मवर फिरवलं. काळा रंग फडक्याला आला आणि खालून जुना गंज दिसला. त्याहून मोठा पुरावा नटांवर होता. रंग आर्मवरून नटावर, नटावरून बोल्टच्या आट्यांवर सलग गेला होता, कुठेही तुटलेला नव्हता. “आर्म नवा घातला असता तर पाना लागल्यावर नटाच्या कडा उघड्या पडल्या असत्या,” मिस्त्री म्हणाले. “ह्यो रंग गाडीखाली झोपून मारलाय.” रबराच्या बुशांवरसुद्धा रंग होता, चिरांच्या आतपर्यंत गेलेला. शॉकअपचंही तसंच. स्ट्रट नकलला दोन मोठ्या बोल्टांनी जोडलेला असतो. ते सोडल्याशिवाय शॉकअप बाहेर येत नाही. त्या बोल्टांवर गंजाचा अखंड थर होता, पान्याचा ओरखडाही नाही. आणि शॉकअप पुसून, दाबून, फिरवून पाहिले तर दोन्ही चांगले निघाले. ते बदलायची गरज कधी नव्हतीच.

मी मिस्त्रींना विचारलं, हा जॉइंट असाच राहिला असता तर? त्यांनी हाताचे पंजे एकमेकांत अडकवून सोडवून दाखवले. गोळा खोबणीतून निसटला की चाकाचा खालचा भाग बाहेर फेकला जातो, चाक आडवं पडतं, अ‍ॅक्सल सुटू शकतो, आणि स्टिअरिंग फिरवून काही होत नाही. फोंडा घाटाच्या वळणावर हे झालं असतं तर पुढचं मला लिहायचं नाही.

खरं काम दुसऱ्या दिवशी झालं: दोन्ही लोअर आर्म, एक टाय रॉड एंड आणि कागदावर छापलेल्या मापांसह अलाइनमेंट. मिस्त्रींची एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आर्मच्या बुशांचे बोल्ट त्यांनी चाक लोंबकळत असताना कसले नाहीत. गाडी चाकांवर उभी करून, वजन आल्यावर शेवटचं कसलं. अधांतरी कसले तर रबर कायमचं पीळ घेऊन बसतं आणि लवकर फाटतं. तुमचा मिस्त्री हे करतो का, एवढं बघितलंत तरी त्याच्या कामाचा अंदाज येतो.

आता पहिल्या गॅरेजवाल्याकडे परत. तो म्हणाला, “आमच्याकडनं गाडी गेल्यावर कुणी काय काढलं, काय घातलं, आम्हाला काय म्हाईत?” चिठ्ठीवर ‘इस्टिमेट’ छापलेलं, जीएसटी नंबर नाही, सही नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, हे त्याला मी तोंडी सांगितलं तेव्हा तो हसला. मग मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली. सोबत त्याचेच व्हॉट्सॲप फोटो, आप्पांनी केलेल्या यूपीआय पेमेंटची नोंद, मिस्त्रींनी आपल्या पक्क्या बिलावर लिहून दिलेली जुन्या भागांची अवस्था, आणि डिझेलचं फडकं फिरवताना मी काढलेला व्हिडिओ. नोटीस मिळाल्यावर हसणं थांबलं. शॉकअपचे पैसे त्यानं परत केले आहेत. आर्मचे आणि न केलेल्या अलाइनमेंटचे अजून यायचे आहेत. ते आले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, त्यामुळे ‘एवढ्याशा पैशासाठी कोर्ट कशाला’ हे आप्पांचं म्हणणं मी मानलेलं नाही.

काढलेले खरे आर्म आम्ही घरी आणून ठेवलेत, पुरावा म्हणून. यापुढे कुठेही काम दिलं तरी जुना पार्ट डिकीत ठेवायचा, हे गाडी देतानाच सांगतो; संध्याकाळी काउंटरवर दाखवलेलं लोखंड चालणार नाही. पार्ट बसवायच्या आधी खोकं आपल्यासमोर फोडायचं आणि गाडी जॅकवर असतानाच चाक स्वतःच्या हातानं हलवून बघायचं, आधी आणि नंतर.

तुमच्या घरातल्या कुणी एकट्यानं जाऊन गेल्या वर्षभरात पुढचं सस्पेन्शन करून आणलं असेल आणि हातात नुसती इस्टिमेटची चिठ्ठी असेल, तर या रविवारी गाडीखाली बॅटरी मारा आणि लोअर आर्मच्या नटावरून डिझेलचं फडकं फिरवा.