काळ्या घोड्याजवळचं दफ्तर : चार तारे, पाचवा माझ्या मोतीबिंदूने खाल्ला

गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना ठेवतात अशा एका निरीक्षणगृहात तीस वर्षं मी रजिस्टरं भरली. दाखल तारीख, वय, वजन, वर्तणूक. निवृत्त झाल्यावर वाटलं, आपल्या आधी ज्यांनी हे काम केलं त्यांनी काय लिहून ठेवलंय ते बघावं. म्हणून मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात, म्हणजे जुने सरकारी कागद जपतात तिथे, चार मंगळवार जाऊन बसले. जहांगीर आर्ट गॅलरीच्या समोर, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतच आहे. बाहेर गाड्यांचा कलकलाट, आत पंख्याचा आवाज आणि जुन्या कागदाचा वास. दमा असेल तर मास्क न्या.

आधीच सांगते, नाव सांगून कागद मिळेल अशा आशेने जाऊ नका. ‘आमचे पणजोबा येरवड्याला होते हो,’ एवढ्यावर काही हाती लागत नाही. कागद खात्यावार आणि वर्षावार लावलेत. साल घरून शोधून न्या, नाहीतर पहिला दिवस सूचीतच जातो. माझा गेला.

पण एकदा तुरुंगांचे जुने वार्षिक अहवाल समोर आले की उठवत नाही. मुंबई इलाख्यातले कैदी किती, धर्म कोणता, लिहिता-वाचता येणारे किती, कोणत्या आजाराने किती मेले, कामातून सरकारला मिळकत किती, सगळ्याचे तक्ते. त्यातच कैद्यांच्या वजनाचाही तक्ता : वाढलं किती जणांचं, घटलं किती जणांचं. मला हसूच आलं. आमच्याकडेही महिन्याच्या एक तारखेला मुलांना काट्यावर उभं करायचे आणि इन्स्पेक्शनला आलेले साहेब आधी तेच पान उघडायचे. पोरगं रात्री रडतं का, हा रकाना तेव्हाही नव्हता, माझ्या वेळीही नव्हता.

मुलांच्या कागदांकडे वळाल तर सोबत कायद्याची प्रत ठेवा, नाहीतर अर्थ लागत नाही. 1897 च्या रिफॉर्मेटरी स्कूल्स ॲक्टमध्ये ‘बाल गुन्हेगार’ म्हणजे पंधरा वर्षांखालचा, शिक्षा झालेला मुलगा. मुलगाच. मुलगी त्या व्याख्येत बसतच नाही. सुधारशाळेत ठेवायचं ते कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. किरकोळ चोरीतला दहा वर्षांचा पोर मिसरूड फुटल्यावरच बाहेर यायचा. येरवड्याला अशी शाळा होती. मुंबईत डेव्हिड ससूनच्या नावाची संस्था त्याहून जुनी, 1857 ची, आजही माहीमला आहे. सुतारकाम, शिवणकाम असले शब्द या कागदांत पुन्हा पुन्हा येतात. आईचा उल्लेख शोधायला मात्र डोळे फोडावे लागतात.

आणि शेरे! ‘समाधानकारक.’ एका शब्दात अख्खं वर्ष आटोपलेलं. दुसऱ्या मंगळवारी मी पेन्सिल खाली ठेवली आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिले, कारण हा शेरा मीही शेकडो वेळा मारलाय. संध्याकाळी सही मारायची घाई असायची, पुढ्यात साठ नावं असायची.

तिथली माणसं? एका मदतनीसाने न कुरकुरता तीन वेळा बासनं बदलून दिली. शिवाय लाल दोरी कशी सोडायची आणि परत कशी बांधायची, तेही शिकवलं. घाई करणाऱ्यांनी जाऊच नये; पान उलटताना कोपऱ्याचा चुरा होतो, म्हणून माझ्या हाताला आपोआप सावकाशी आली.

परतताना एकदा वाकडी वाट करून डोंगरीला गेले. 1882 मध्ये टिळक-आगरकरांनी जिथे एकशे एक दिवस काढले, तो हाच डोंगरीचा तुरुंग. पुढे तिथे मुलांचं गृह आलं. दरवाजा बघून मला ओळखीचं वाटलं, आतल्यांना काय वाटत असेल कोण जाणे.

पाचव्या मंगळवारी 1924 च्या मुंबई बालक कायद्यानंतरचे कागद मागणार आहे. त्या कायद्यात मुलीही आल्या. भिंग घेतलंय, चष्म्याचा नंबरही बदलून आणलाय.