लाव्हा सेंटर, ह्वोल्सवोलूर (आइसलँड): जायचं असेल तर असं जावा, एका कोल्हापूरकराचा रिव्ह्यू

आइसलँडचा प्लॅन करणाऱ्या आपल्या लोकांच्या लिस्टमध्ये नॉर्दर्न लाइट्स, ब्लू लगून, काळ्या वाळूचा बीच हे ठरलेलं असतं, आणि ह्वोल्सवोलूरचं लाव्हा सेंटर "वेळ उरला तर बघू"मध्ये जातं, वेळ काय उरत नाही. माझं मत उलटं आहे. तुम्ही कोल्हापूर, सातारा, पुणे कुठले का असेना, हे म्युझियम आधी बघा आणि धबधबे नंतर, कारण आपण ज्या काळ्या कातळावर घरं बांधून बसलोय तो कसा तयार झाला हे इथं एकदा डोक्यात बसलं की बाहेरचं सगळं नीट दिसायला लागतं.

आधी एक गोंधळ मिटवू. इथं खरा लाव्हा दाखवत नाहीत. दगड 1100 डिग्रीला वितळवून तुमच्यासमोर ओततात तो लाव्हा शो, तो वेगळा, वीक गावात आणि रेक्याविकला आहे. नावं सारखी आहेत, तेव्हा तिकीट काढताना डोळे उघडे ठेवा. लाव्हा सेंटर म्हणजे हात लावून, हात हलवून, उभं राहून बघायचं म्युझियम, 2017 ला सुरू झालेलं. रेक्याविकहून रिंग रोडनं साधारण 100 किलोमीटर, म्हणजे आपलं कोल्हापूर-बेळगाव धरा, दीड तास लागतो.

आत काय आहे ते सगळं सांगून मजा घालवत नाही पण दोन गोष्टींसाठी मी परत जाईन. एक म्हणजे मधोमध उभा असलेला मॅग्माचा, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकाचा खांब, बारा मीटर उंच, लालभडक. पृथ्वीच्या पोटातनं गरम खडक वर कसा चढत येतो आणि आइसलँडच्या खाली नेमकं काय चाललंय ते त्यात दाखवलंय. पुस्तकात मँटल प्ल्यूम, म्हणजे खोलातनं वर येणारा गरम खडकाचा झोत, वगैरे वाचलेलं असतं पण मान वर करून बघितल्यावर कळतं की हे प्रकरण केवढं आहे. आणि आपला संबंध इथंच आहे बघा, कारण दख्खनचा लाव्हा सुद्धा असल्याच एका गरम झोतातनं आला असं बरेच भूशास्त्रज्ञ मानतात, तो झोत आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, तिथला ज्वालामुखी अजून जिवंत आहे, आणि आपली जमीन त्याच्यावरून सरकत सरकत उत्तरेला निघून आली.

बायकोनं तिथंच विचारलं, मग आपल्याकडं ज्वालामुखीचा डोंगर कुठाय? बरोबर प्रश्न आहे, कारण शाळेत सगळ्यांनी चित्र काढलेलं असतं ते टोकाला धूर असलेल्या त्रिकोणी डोंगराचंच. दख्खनचा लाव्हा बहुतेक करून लांबच लांब भेगांतनं आला, शांतपणे पसरला, थंड झाला, परत आला, असं साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थरावर थर चालू होतं. गुऱ्हाळात काहिलीतला रस वाफ्यात ओतल्यावर वरनं साय धरते आणि आतनं तो पसरतच राहतो ना, अगदी तसं. सह्याद्रीच्या डोंगरांना ज्या पायऱ्या दिसतात त्या हेच थर, आणि पन्हाळ्याला वर जांभा असला तरी त्याच्या पोटात हाच काळा दगड. आइसलँडला ह्याचा छोटा नमुना माणसांनी डोळ्यांनी बघितलाय, 1783 साली लाकी नावाच्या ठिकाणी सत्तावीस किलोमीटर लांब भेग पडली आणि आठ महिने लाव्हा येत राहिला, त्या विषारी वायूनं जनावरं मेली आणि मग दुष्काळात तिथली वीस टक्क्यांवर माणसं गेली. एवढं करून तो दख्खनच्या मानानं किरकोळ!

दुसरी गोष्ट भूकंपाची. एका ठिकाणी पायाखालची जमीन हलवून दाखवतात. आमचे आबा बरोबर होते, कोयनेचा भूकंप झाला 11 डिसेंबर 1967 ला पहाटे, तेव्हा ते शाळेत जाणारं पोर. जमीन हलायला लागली तशी नातवानं त्यांचा हात घट्ट धरला आणि आबा मात्र नुसते पायाकडं बघत उभे. थांबल्यावर म्हणाले, "बास? एवढंच?" आणि मग तिथंच उभ्या उभ्या नातवाला सांगायला लागले की फळीवरची सगळी भांडी कशी खाली आली, सगळी गल्ली कशी अंगणात येऊन झोपली, पुढं किती दिवस आजी घरात निजायलाच तयार नव्हती. मागं लोक थांबलेत ह्याचं भान नाही. हे त्यांनी मला सुद्धा कधी एवढं सांगितलं नव्हतं.

बाकी राख-धुराचा भाग आहे, उद्रेकांची फिल्म आहे, ती चुकवू नका, छोटीच आहे. माहिती इंग्लिशमध्ये आहे त्यामुळं मोठ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर जरा घरूनच तयारी करून जावा. ज्वालामुखींची थोडी नावं आणि उद्रेकांची सालं डोक्यात असली की पुरे: कातला 1918, समुद्रातनं सुर्टसे बेट वर आलं ते 1963, हेमाए बेटावर गावाच्या कडेलाच जमीन फाटली आणि एका रात्रीत पाच हजारांवर माणसं बहुतेक करून मासेमारीच्या बोटींनी बाहेर काढली ते 1973, हेक्ला 2000, आणि 2010 चा तो एयाफ्यात्लायोकुत्ल ज्याच्या राखेनं युरोपची विमानं जवळजवळ आठवडाभर खाली बसवली. ग्रिंडाविक गावाजवळचं 2023 पासूनचं उद्रेकांचं प्रकरण तर बातम्यांत बघितलंच असेल.

आता प्लॅनिंग. छतावर एक प्लॅटफॉर्म आहे, तिथनं हेक्ला, एयाफ्यात्लायोकुत्ल, समुद्रातली वेस्टमन बेटं, असं सगळं आत बघितलेलं खरंखुरं समोर दिसतं. म्हणजे हवा स्वच्छ असेल तर. ढग असतील तर समोर पांढरं कापड, बाकी काही नाही, आणि तिथं ढग कधी येतील ह्याला काही नेम नाही. तेव्हा तारीख आधी ठरवण्यापेक्षा दक्षिण किनाऱ्याचे जे दिवस असतील त्यातला मोकळ्या आभाळाचा दिवस पकडा, तिथल्या हवामान खात्याच्या साइटवर ढगांचा अंदाज मिळतो. त्याच साइटवर रोजचे भूकंप पण दिसतात, रात्री झोपायच्या आधी एकदा बघा, आमच्या पोराला तर नादच लागला त्याचा.

डिसेंबरात जाणार असाल तर हिशेब बदलतो, उजेड जेमतेम चार-पाच तास. ते तास चार भिंतींच्या आत घालवू नका, म्युझियमच्या वेळा बघून ते अंधारातल्या तासांत बसवा आणि छताचा नाद सोडा. उन्हाळ्यात तसला काही प्रॉब्लेम नाही, रात्री दहाला पण उजेडच.

आत दीड तास तरी हवा. किनाऱ्याच्या एका दिवसाच्या बस टूर घ्याल तर आधी स्पष्ट विचारा की म्युझियमला थांबणार का आणि किती वेळ, कारण नुसतं बाथरूम आणि कॉफीपुरतं थांबून उपयोग नाही. स्वतःची गाडी बेस्ट. स्टीअरिंग डावीकडं आणि गाडी उजव्या बाजूनं, पहिला अर्धा तास जपून. रेंटलला वाळू आणि राखेचा वेगळा इन्शुरन्स मिळतो, हसू नका, वारा सुटला की वाळू गाडीचा रंग खरवडून काढते. आणि दार उघडताना हातानं धरूनच उघडा, वाऱ्यानं दार उलटं वळून बिजागर गेलं तर ते बऱ्याचदा इन्शुरन्समध्ये बसत नाही.

व्हिसा शेंगेनचाच लागतो, निदान 30,000 युरोचा ट्रॅव्हल इन्शुरन्स जोडायचा. भारतातनं डायरेक्ट विमान नाही, युरोपात कुठंतरी बदलावं लागतं. कोल्हापूरकरांनी मुंबईला पोचायचे तास त्यात धरावेत, रेल्वेवर फार विसंबू नका, मध्ये एक रात्र ठेवा. खाणं सगळ्या देशातच महाग आहे, लॅम्ब सूप कुठंही मिळतं, मटण मऊ, चव चांगली, पण तिखटाचा पत्ता नाही, तेव्हा चेक-इन बॅगेत कांदा-लसूण चटणी हवीच.

तिकीट इमारतीच्या आकाराच्या मानानं महाग वाटेल. झोपाळे, राइड्स, थीम पार्क असलं काही डोक्यात असेल तर जाऊ नका, नाराज व्हाल. माझ्याकडनं पाचापैकी चार. एक कापला कारण सगळं आइसलँडपुरतंच आहे, जगातल्या बाकीच्या लाव्हाच्या पठारांशी सांगड आपल्यालाच घालावी लागते, अर्थात नाव आणि जागा बघता ते त्यांचं काम नाही म्हणा.

हे आणि वीकचा शो दोन्ही जमत असेल तर एकाच दिवशी करा, मध्ये सेल्यालांड्सफॉस आणि स्कोगाफॉस दोन्ही धबधबे वाटेवरच लागतात, पण ह्या क्रमानं, आधी म्युझियम मग शो. दोन्हींचे पैसे परवडत नसतील तर पोरं दहाच्या आतली असली की शो घ्या, मोठी असली की म्युझियम. आणि आबांसारखं कुणी बरोबर असलं तर दुसरा विचारच करू नका, म्युझियमच.